भुताची पोथी

परभणीजवळच्या झरीला मी ज्यांच्या घरी बिऱ्हाड केलं, त्या मालकांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. "मास्तर, तुमाला ऐकू नीट येतं का?" एवढंच विचारलं. येतं म्हणालो. "मग राहा." त्यांच्या घरात राहणाऱ्यानं दिवेलागणीनंतर ढाळजेत बसून त्यांचं वाचन ऐकायचं, असा तो करार होता. ढाळज म्हणजे दारातून आत शिरल्याबरोबर दोन्ही अंगांना असतात ते ओटे. आमच्याकडं माणसांची उठबस तिथंच चालते. माझ्या आधी तिथं चावडीतला एक कारकून राहत होता. तो दुसऱ्याच अध्यायाला पेंगायचा, म्हणून त्याला घर खाली करावं लागलं. मी मात्र खुशीत होतो. निजामाच्या मोगलाईतली नोकरी, मदरशात मुलांना हिशेब शिकवायचा आणि तोही उर्दूतून. दिवसभर बेरजेला 'जमा' आणि वजाबाकीला 'तफरीक' करून जीभ सुकल्यावर कुणी आपण होऊन मराठी ऐकवणार असेल तर वाईट काय?

मालक पोथी वाचणारे. सारं गाव त्यांना म्हाराज म्हणायचं. अंगानं काटकुळे, उंचीनं एवढे की स्वतःच्याच दारातून वाकून ये-जा करायचे, आणि तरी महिन्यातून एकदा चौकटीला कपाळ आपटायचेच. आपटलं की चौकटीची माफी मागायचे. त्यांच्याजवळ दोन चष्मे होते. पोथीचा वेगळा, माणसांचा वेगळा. माणसांच्या चष्म्याची एक काच कधीच गळून पडली होती. परभणीला जाऊन बसवून घ्या म्हटलं तर म्हणत, "माणसं एका डोळ्यानं बघितलेलीच बरी. दोन्ही डोळ्यांनी बघण्यासारखं त्यांच्यात काय ठेवलंय?"

वाचनाबाबत त्यांचा एकच कायदा होता. छापलंय ते वाचायचं, आपली अक्कल खुंटीला टांगायची. एका पोथीत बांधणाऱ्याच्या गफलतीनं एकच पान दोनदा आलं होतं. दर वर्षी त्या पानावर राजकन्येचं लग्न दोनदा लागे आणि बायका दोन्ही वेळा अक्षता टाकत. मी एकदा भीतभीत म्हणालो, "मालक, हे पान दुबार पडलंय." त्यांनी पोथीच्या चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ते दुबार कामून आलं, तुमाला माहीत आहे? नाही ना? मग गप ऐका." याच्या उलट दुसऱ्या एका पोथीची मधली पानं वाळवीनं खाल्ली होती. तिथवर आले की मालक डोळे मिटत आणि ती पानं वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ मुकाट बसून राहत. सगळी ढाळज मुकाट. मग डोळे उघडून पुढचं पान. शेजारचे दगडोबा म्हणून मोठे शेतकरी होते, चांगली काळी जमीन बाळगून असलेले आणि कशालाही नाव ठेवायला मोकळे. ते म्हणायचे, "म्हाराज, तुमचं वाळवीचं वाचन लय रंगतं बगा."

त्यांचं दुसरं वेड जरा निराळं होतं. मालकांना घाबरायची हौस होती. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे आणि याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. एखाद्याला दूध पचत नाही, एखाद्याला गाता येत नाही, तसं आपल्याला भ्यायला येत नाही, असं ते म्हणत. तरुणपणी मसणवट्यात जाऊन निजले, तर गार वाऱ्यानं इतकी छान झोप लागली की उन्हं वर आल्यावर जागे झाले. घरामागं पिंपळ होता आणि पिंपळावर मुंजा होता. म्हणजे असं सगळा गाव म्हणायचा. मालक सकाळी तांब्या घेऊन तिकडं गेले की त्याला दटावायचे, "पानं किती पाडायलास रे? झाडायचं कुणी?" एकदा येलदरीकडच्या डोंगरातून आलेला एक गाडीवान दारात धापा टाकत उभा राहिला. वाटेत वाघरू आडवं गेलं होतं. मालकांनी त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि हकिमासारखं तपासायला सुरुवात केली. "भीती आदी कुठं आली? पायात का पोटात? तोंडाला चव कशी होती?" तो बिचारा वाघराला भ्याला नसेल इतका या प्रश्नांना भ्याला. तो गेल्यावर मालक किती तरी वेळ त्याच्या गाडीच्या धुळीकडं बघत उभे होते.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. काकूंचं याबद्दलचं निदान पक्कं होतं. "भ्यायला अक्कल लागती," त्या म्हणायच्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला मावसभावाकडं एका लग्नाला गेलो. तिकडं इंग्रजी मुलखात त्या साली एका कादंबरीनं नुसता धुमाकूळ घातला होता. भुताची कादंबरी. लग्नात मुहूर्तापेक्षा तिचीच चर्चा जास्त. कुणाची आत्या म्हणे ती वाचून महिनाभर दिवा लावून निजली. कुणाचा वकील मेहुणा म्हणे मधल्या पानावर ओरडून उठला आणि शेजाऱ्यांना वाटलं, चोर शिरला. वेष्टणावरच छापलं होतं की दुर्बळ हृदयाच्या वाचकांनी हे पुस्तक हाती घेऊ नये. ते वाचून मला पहिल्यांदा कुणाची आठवण झाली असेल ते सांगायला नको. मावसभावानं आपली प्रत मला दिली आणि वर बजावलं, "एकटा असताना वाचू नकोस बरं."

आता खरं सांगायचं तर पुण्याहून परत येताना, रेल्वेच्या डब्यात, भर दुपारी मी ती एकट्यानंच वाचून काढली. जालना यायच्या आत संपली. भीती वाटली ती एकदाच, माझी ट्रंक कुणी उचलली की काय अशी. पण म्हटलं, आपण हिशेबाचे मास्तर, आपल्याला काय कळतं? एवढं पुणं घाबरलं ते काही उगाच नसेल.

मालकांनी पोथीचा चष्मा चढवून वेष्टणावरचा तो इशारा तीन वेळा वाचला. "मास्तर," त्यांचा आवाज मुलीला स्थळ सांगून आल्यासारखा हळवा झाला होता, "हे खरं असंल का हो?"

"पुणं तरी खरं म्हणतंय," मी म्हणालो.

"मग आपण ही लावू."

लावू म्हणजे पोथी लावू. चौरंग मांडायचा, नारळ ठेवायचा, रोज ठरल्या वेळी वाचायचं आणि शेवटी समाप्तीला शिऱ्याचा प्रसाद. मालकांना पुस्तक वाचायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. शिवाय एक दुखणं होतं, ते त्यांनी तोंडानं कधी काढलं नाही पण मला दिसत होतं. ढाळज वर्षागणिक रिकामी होत चालली होती. लोकांना सगळ्या पोथ्या पाठ झाल्या होत्या. मागच्या समाप्तीला शिरा उरला होता आणि तो आम्ही दोन दिवस खात होतो.

काकू कडाडल्या, "देवाच्या चौरंगावर भूत मांडणार का तुमी?"

"देवाच्या पोथीत राक्षस चालतात ना तुला? मग भुतानं काय घोडं मारलंय?"

चौरंग मांडला गेला. पुस्तकाच्या वेष्टणावर मोकळ्या केसांच्या एका बाईचं चित्र होतं. काकूंनी पुस्तकाला हळद-कुंकू वाहताना तिच्या कपाळालाही कुंकवाचं बोट टेकवलं. "कोण, कुठली, ठावं नाही," त्या पुटपुटल्या, "पण मोकळं कपाळ बरं दिसंना."

दगडोबांनी गावभर केलं की म्हाराजांनी पुण्याची भुताची पोथी आणलीय आणि दुबळ्या काळजाच्यांना मनाई हाय. झालं! ज्यांनी दहा वर्षांत आमच्या ओट्याला पाय लावला नव्हता ते कांबळी घेऊन आले. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, तर लोकांनी आपापल्या घरच्या चिमण्या आणल्या. बाया आत, बाप्ये बाहेर, पोरं गल्लीत. मालकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "वाचता वाचता माझा आवाज कापायला लागला तर कुणी थांबवू नका. पाणीबी देऊ नका." त्यांच्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद त्याआधी पाहिला नव्हता.

गोष्ट अशी होती. घाटावर थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला. त्यात एक तरुण वकील एकटा राहायला येतो. बंगल्यामागं पडका हौद. त्या हौदात कधी काळी एक बाई बुडून मेलेली, ती पांढऱ्या लुगड्यात धुक्यातून चालत येते आणि विव्हळते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी वकिलाच्या दारावर टकटक होते आणि तो थरथरत्या हातानं कडीकडं हात नेतो. तिथं मालक थांबले. पानावरून बोट काढलं.

"बंगल्याला खोल्या किती म्हणलात?" दगडोबांनी विचारलं.

"पंधरा."

"अन् माणूस एक? बाकीच्या खोल्यांत काय बांदलंय? ढोरं?"

"त्याच्यापाशी कुत्रं न्हाई का?" दुसरा म्हणाला. "कुत्रं असतं तर आदीच कळलं असतं."

"पांढरं लुगडं कामून नेसली? नवरा आदी गेलता का तिचा?" हे आतून, बायांमधून. त्यावर बायांत बराच खल झाला. पाण्यात गेलेली सवाष्ण हिरव्यात येते, पांढऱ्यात कधी कुणी पाहिली नाही, असं ठरलं. मालक हिरमुसले. पांढरं छापलंय तर पांढरंच, असं म्हणून त्यांनी त्या रात्रीपुरतं पुस्तक मिटलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. वकील घाबरत होता, मूर्च्छा येऊन पडत होता, डायरी लिहीत होता. आमच्या लोकांना यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. भूत त्यांना ओळखीचं होतं. भूत म्हणजे शेजार. कुणाचा चुलता बांधावर बसून होता, कुणाची जाऊ चिंचेखाली होती. त्यांना भिऊन राहावं लागे, हे खरं, पण त्यांच्याशी व्यवहारही होता. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही तर सगळी भाऊबंदकी हात जोडून उभी राहते आणि गेलेल्याला विचारते, बाबा, तुझं काय राहिलं? पोरींची लग्नं करतो, म्हातारीला सांभाळतो, फिरव कावळ्याला. तेव्हा कावळा येतो. इथं पुस्तक निम्मं झालं तरी दहाव्याचा पत्ताच नव्हता. "ह्या बाईच्या पिंडाला कावळा शिवला का न्हाई, ते आदी सांगा," दगडोबांनी मालकांना अडवलं, "मंग पुढं वाचा." मालकांनी मागची पानं चाळली. छापलं नव्हतं.

आत, उखळापाशी, गयाबाई नावाची एक म्हातारी बसायची. थोडीशी कोरडवाहू जमीन, एक म्हैस, घरात दुसरं कुणी नाही. ती कधी बोलत नसे. त्या दिवशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "म्हाराज, कुणी इचारलं का तिला, बाई तुला काय पायजे म्हणून?"

"अजून नाही," मालक म्हणाले.

"बरं. पुढं इचारत्याल," म्हणून तिनं पदर सारखा केला.

मधे एकदा अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, दौऱ्यावर आले. म्हाराजांकडं रोज माणसं जमतात आणि पुण्याचं पुस्तक वाचतात, अशी कुणी तरी चुगली केली होती. घोडा दारात, दोन शिपाई, आणि ढाळजेत सगळे उठून उभे.

"क्या जी, क्या पढ़ रे?"

"पोथी है, साहेब. भूत की," मालक म्हणाले. ते एकटेच बसून होते.

"भूत की बी पोथी रहती? क्या करता भूत?"

"डराता."

अमीनसाहेबांनी कंदील वर धरून लोकांवरून फिरवला. दगडोबा तंबाखू मळत होते. दोघे भिंतीला टेकून घोरत होते. एक जण पायातला काटा काढत होता. "कौन डर रा?" साहेबांनी विचारलं. मालक खाली मान घालून म्हणाले, "अभी तक तो कोई नहीं, साहेब." तेव्हा साहेब हसले आणि मालकांच्या खांद्यावर छडी टेकवून म्हणाले, "डराने का काम सरकार का है. वो हम देख लेंगे. तुम पढ़ो." आणि निघून गेले. माझ्या डोळ्यांसमोरून मदरशातली नोकरी गेली होती. मालक मात्र हताश होऊन मला म्हणाले, "बघा मास्तर, अमीनाचीबी वाटली नाही."

हळूहळू ढाळज रिकामी झाली. आधी पोरं गळाली, मग बाप्ये. दगडोबा कापसाच्या पेरणीचं निमित्त सांगून गेले. लावलेली पोथी अर्धी सोडता येत नाही, सोडली तर घराला बाधतं. आणि ऐकायला निदान एक जण तरी लागतोच. मालक आता घाबरण्याच्या आशेनं वाचत नव्हते, मालगाडी ओढल्यासारखे वाचत होते. समोर मी, काकू, आणि एकही दिवस न चुकवता गयाबाई. रोज उठताना तिचा तोच प्रश्न. "आज इचारलं का?" आणि मालकांचं तेच उत्तर. "अजून नाही."

ती का येते ते मला काकूंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. गयाबाईला एकच लेक होती. चुडाव्याकडं दिलेली. पंचमीला माहेरी आली आणि गावाच्या पूर्वेच्या विहिरीवर पाण्याला गेली ती तिथंच राहिली. पाय घसरला म्हणतात. दुसरंही म्हणणारे म्हणतात. सासरच्यांनी येऊन तिला नेलं आणि क्रिया तिकडंच उरकली. दहाव्याला कावळा शिवला नाही. कुणाला थांबायला सवड नव्हती, की हात जोडून काही कबूल करायची इच्छा नव्हती. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आंघोळी करून मोकळे झाले. हे गयाबाईला पुढं एका कासाराकडून कळलं. "तेव्हापासून तिच्या मनानं घेतलंय, की पोरगी अडकली आहे अन् तिला कुणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या. "त्या विहिरीकडं म्हातारी फिरकत नाही. शेताला जायची वाट तिकडून आहे, तर ही सगळ्या गावाला वळसा घालून जाती."

ते ऐकलं आणि मालकांशी बोलायलाच हवं असं वाटलं. कारण शेवट मला माहीत होता. त्या कादंबरीत भूत नव्हतंच. वकिलाच्या चुलत्याला बंगला हवा होता. तो गच्चीवरून दोरीनं लुगडं हलवायचा आणि पत्र्याच्या नळीतून विव्हळायचा. शेवटच्या प्रकरणात पोलीस त्याला दोरीसकट धरतात आणि वकील मोठ्यानं हसतो. हसतो! हौदात गेलेल्या त्या बाईचं काय, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. मी मालकांना एकटं गाठून म्हणालो, "शेवटाबद्दल तुम्हाला जरा सांगायचंय." त्यांनी हात वर केला. "पुढचं सांगणारा माणूस माझ्या घरात राहत नाही, मास्तर." समाप्तीचा दिवस जवळ येऊ लागला तशी मला जेवण गोड लागेना. म्हातारी इतके दिवस एका उत्तरासाठी बसली होती आणि तिला मिळणार होती दोरी.

समाप्तीला सगळा गाव पुन्हा हजर. शिऱ्याचा वास पार वेशीपर्यंत गेला होता. दगडोबा तर पुढच्या रांगेत, जणू एक दिवस चुकला नाही असा चेहरा करून. गयाबाई आज उखळापासून सरकून उंबऱ्यापाशी आली होती. कंदील धरून मी मालकांच्या बाजूला बसलो होतो, त्यामुळं पान मलाही दिसत होतं.

मालक वाचू लागले. पोलीस लपून बसले. विव्हळणं ऐकू आलं. शिट्टी वाजली. "आणि गच्चीवर त्यांना दिसले..." मालक थांबले. त्यांचे डोळे पुढं गेले होते. ओळीवरून ओळीवर, खाली खाली, पान संपेपर्यंत. मग त्यांनी पान उलटून पुढचं पाहिलं आणि त्याच्या पुढचं. लोकांना वाटलं वाळवी लागलीय; सवयीनं सगळे गप्प बसले. मालकांनी तांब्यातलं पाणी घेतलं, चष्मा पुसला, आणि मान वर करून एकदा उंबऱ्याकडं पाहिलं.

"गच्चीवर त्यांना काहीच दिसलं नाही," त्यांनी वाचलं. "तेव्हा तो वकील म्हणाला, थांबा रे. आपून इतके दिवस हिला भ्यायलो, पळायलो, पण कुणी हिला विचारलं का?"

मी पानाकडं पाहिलं. कादंबरी मागच्याच पानावर संपली होती. समोर केसांच्या तेलाची जाहिरात होती.

मालकांचं बोट त्या जाहिरातीवरून ओळीओळीनं सरकत होतं. इतके दिवस पुस्तकी, घोटीव मराठी बोलणारा तो पुण्याचा वकील आता चांगला परभणीकडचं बोलायला लागला होता. त्यानं हौदाच्या काठावर पळसाच्या पानावर भात ठेवला. हात जोडले. म्हणाला, "बाई, तुझं काय राहिलंय? सांग. आमी ऐकायलोत." तेव्हा ती आली. मालकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. कुणी काही हरकत घेतली नाही. ती म्हणाली, सांजच्याला वासरू सोडलं होतं ते बांधायचं राहून गेलं, ते मायला लुचलं असंल, दूध गेलं असंल, सासू बोलंल, एवढाच जीव अडकलाय माझा. वकील म्हणाला, वासरू बांधलं बाई, तू जा. बंगल्यात आजवर वासरू काय, शेळीसुद्धा नव्हती. मालकांनी शेवटचं पान उलटलं, शक्तीच्या गोळ्यांच्या जाहिरातीवर कावळा उतरवला, त्याला भाताला शिववलं, आणि पुस्तक मिटून मस्तकी लावलं.

ढाळजेत कुणी तरी नाक ओढलं. दगडोबांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! हे आदीच लिव्हायला काय झालतं त्याला? पुण्याची माणसं हुशार असत्यात, पर उशिरा." मग शिरा वाटला गेला आणि गाव खुशीत घरोघर गेला.

गयाबाई मागं राहिली. तिनं शिऱ्याचा द्रोण हातातच धरला होता. "म्हाराज," ती म्हणाली, "उद्या सकाळी येता का हिरीवर? माझ्या लेकीला बी तसंच इचारायचं. तुमी वाचलं तसं."

ती गेल्यावर मालकांनी पोथीचा चष्मा काढला, माणसांचा चढवला, परत काढला. मला म्हणाले, "मास्तर, हात बघा." त्यांचा हात कापत होता. "पुस्तकात मी वासरू बांधलं. तिथं काय बांधू? पोरीनं उत्तर नाही दिलं तर? कावळा नाही आला तर म्हातारीनं काय समजायचं?" काकू भांडी आवरता आवरता थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्याला टोमणा मारायची याहून चांगली संधी आली नव्हती, पण त्यांनी मारला नाही. त्या म्हणाल्या, "भात मी करून देते."

सकाळी आम्ही तिघं विहिरीवर गेलो. ऊन कोवळं होतं. गयाबाई नवं लुगडं नेसली होती आणि विहीर दिसताच ती बाभळीपाशी थांबली. तिथून पुढं तिचं पाऊल निघेना. मालकांनी काठावर पळसाचं पान मांडलं, भात ठेवला, हात जोडले. मोठ्यानं विचारलं, "पोरी, तुझं काय राहिलंय? सांग. आमी ऐकायलोत." झरीत एरवी कावळ्यांचा काय तोटा! त्या सकाळी आभाळात चिटपाखरू नव्हतं. मालकांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार होतो? मला वाटलं, आता ते काही तरी रचतील. ते ओठ हलवत होते आणि त्यातून काही निघत नव्हतं.

मग बाभळीखालून गयाबाई आली. मालकांना हातानं बाजूला सारून ती काठावर टेकली आणि आत वाकून बघत बसली. "माय गं," ती म्हणाली. "आले मी." त्याच्या पुढचं ती इतक्या हळू बोलली की आम्हाला ऐकू आलं नाही, आणि आम्ही ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मधेच थांबायची, मान डोलवायची, परत बोलायची. पान तसंच होतं, भात तसाच होता. पुष्कळ वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"काय म्हणाली?" मालकांनी विचारलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

"काई राह्यलं न्हवतं म्हणली," गयाबाई म्हणाली. "म्हणली, माय, तूच यायची राह्यली व्हतीस."